भादव्यात व्यालेल्या दोन शेळ्या

चैत्र वद्य ३, फसली १३४७

सकाळी काळ्या बोकडाच्या पोटाखाली गोणपाटाचा पडदा बांधला. दोन दोऱ्या पाठीवरून, एक शेपटीखालून. आता कुठल्या शेळीवर चढला तरी काम होणार न्हाई. दिवसभर माझ्याकडं रागानं बघून राह्यलाय.

पारूची आई, माझी घरधनीण, म्हणाली, "त्याला त्याचा वखत कळतो. तुम्ही कशाला मधी पडता?"

तिला वहीतलं वाचून दाखवलं. गेल्या साली बाभळीच्या शेंगा खाऊन शेळ्या चैत्रातच माजावर आल्या. पाच महिन्यांनी ऐन भादव्यात व्याल्या. चवदा करडं. चिखल, ओल, खोकला, जुलाब. दिवाळीपर्यंत पाच राह्यली. बाकीची नऊ मी ओढ्याकाठी पुरली, एकेक करून.

यंदा एकही भादव्यात विणार न्हाई. आषाढात हिरवं दिसलं की पडदा सोडायचा. मंग करडं मार्गशीर्षात. जमीन कोरडी, तुरीचा पाला, बोरी. दोन सालं रोजचं लिहून हे काढलंय, हवेत बोलून राह्यलो न्हाई.

ती म्हणाली, "मेलेली करडं लिव्हली. भादव्यात दूध किती निघालं ते लिव्हलं का?"

ते लिहिलं न्हाई.

चैत्र वद्य ६

गिरजा वहिनीचा बोकड चांद्या पुन्हा माझ्या शेळ्यांत घुसला. विहिरीपाशी. वहिनी म्हणजे माझ्या दोस्ताची, महादूची बायको. महादू जाऊन सात सालं झाली. जमीन न्हाई, सात शेळ्या अन् हा एक बोकड, त्यावर बाई उभी आहे.

सांगून आलो, चांद्याला बांधा. हसल्या. म्हणे, "भाऊजी, बोकड हाय तो. मी माणसालाबी कधी बांधून ठेवलं न्हाई."

चैत्र वद्य १०

आज चांद्या माझ्या तांबडीवर चढणार तेवढ्यात काठी घातली. माझं डोकं फिरलं. बैल बडवून खच्ची करणारा गावात आल्ता, चावडीपुढं बसल्ता. वहिनी टेंभुर्णीच्या बाजाराला गेल्या होत्या. चांद्याला धरून त्याच्यापुढं नेला. घटकाभराचं काम.

दुपारी वहिनी आल्या. त्यांनी बोकडाला पाहिलं. तो पाय फाकून उभा होता, खात नव्हता. मी म्हटलं, तुमच्याही भल्याचंच आहे, भादव्यातली करडं तुमचीही मरतात. त्यांनी हळद-तेल आणलं, लावलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "मला इचारायचं व्हतं."

माझं काही चुकलं असं वाटत न्हाई. पण जेवण गेलं न्हाई.

वैशाख शु. १२

ऊन फार. शेळ्या दुपारी विहिरीच्या सावलीत तोंडं खाली घालून उभ्या. पौषात व्यालेल्या होत्या त्या सगळ्या आटल्या. घरात ताकसुद्धा न्हाई. गाय गेल्या उन्हाळ्यातच गेली.

ज्येष्ठ शु. ५

पारूला भोकरदनहून आणली. सातवा संपत आला. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. जावई अर्ध्या वाटेपर्यंत पोचवायला आल्ते. गाडीत सारखी बोलून राह्यली होती. कोणाचं लग्न झालं, सासूला कमी कसं ऐकू येतं, सगळं.

घरी आल्या आल्या शेळ्यांची वही मागितली. अक्षरं मीच शिकवलेली तिला, ओसरीवर कोळशानं. वाचून खुदकन हसली. "आबा, माझंबी नाव लिहा की शेळ्यांच्या रांगेत. पारू, श्रावण."

तिची आई ओरडली. मी शिसपेनीनं लिहिलं. पारू, श्रावण.

ज्येष्ठ वद्य ९

मृग कोरडा गेला. नुसतं वारं. ढग येतात अन् पूर्णेच्या पलीकडं निघून जातात. शेळ्यांच्या बरगड्या मोजाव्यात अशा. शेंगा संपल्या. आता हिवराच्या काड्या खाऊन राह्यल्यात.

आषाढ शु. ११

ठरल्याप्रमाणं पडदा सोडला. हिरवं काहीच न्हाई तरी सोडला, मला आणखी थांबवेना. काळ्यानं प्रत्येकीला हुंगलं. एकीनंही शेपूट हलवलं न्हाई. शेवटी तो सावलीत जाऊन बसला.

पोटात चारा न्हाई तर माज कुठून येणार. हे वहीत कुठंच न्हाई, कारण गेल्या दोन्ही सालांत आषाढात पाऊस होता.

पारूच्या पायांना सूज आहे. सुईण म्हणते, असते.

श्रावण शु. ६

परवापासून पाऊस. बराबर लागला. बांधावर हिरवी लव. शेळ्या खाली मान घालून खातात ती वर करत न्हाईत.

श्रावण शु. १४

दहा दिवसांच्या हिरव्यानं रंग पालटला. तांबडी, मोरी अन् आणखी चार फळल्या. बावीसांतल्या सहा. म्हणजे पौषात व्यातील. माझ्या हिशेबापेक्षा महिन्यानं उशीर, पण कोरड्यात. मनाला बरं वाटलं.

पारू दारात बसून चिंच खात होती. म्हणाली, "आबा, आज तुम्ही लई दिवसांनी गुणगुणले."

श्रावण वद्य ८

पारू मोकळी झाली. मुलगी. सकाळी सुरू झालं ते दिवे लागणीपर्यंत. आवाज नको वाटला, मी गोठ्यात जाऊन बसलो. मुलगी लहान आहे पण रडते खणखणीत.

श्रावण वद्य ११

पारूला ताप. अंग भाजतंय. दूध आल्तं ते बसून चाललं. सुईण म्हणते थंडी बाधली. भोकरदनहून डाक्तर आणायला माणूस धाडला, नदीला पूर आहे, माणूस परत आला.

भाद्रपद शु. २

पारू अमावास्येला गेली.

भाद्रपद शु. ४

लिहायला बसलो अन् काही

भाद्रपद शु. ८

पोरीला जगवायचं आहे. तेवढंच लिहितो.

गल्लीतल्या सावित्रानं चार दिवस अंगावर पाजलं. तिचं स्वतःचं चार महिन्यांचं आहे, दोघांना पुरत न्हाई. काल तिच्या सासूनं हात जोडले. चुकीचं काही न्हाई त्यात. म्हशीचं दूध पाणी घालून दिलं, पोरीला जुलाब लागले. गावात दुभती गाय एक, तिचं दोन दिवस मिळालं, तेही ओकून टाकलं. आता गुळाचं पाणी अन् तांदळाची पेज फडक्यातून.

माझ्या दावणीला बावीस शेळ्या. सकाळी प्रत्येकीच्या कासेला हात लावून पाहिला. सहा गाभण, सोळा रिकाम्या, सगळ्या आटलेल्या. म्हातारी काळी तेवढी पळीभर देते. पळीभर.

गेल्या भादव्यात याच गोठ्यात चवदा करडं होती, अन् शेळ्यांच्या कासा लोंबत होत्या.

पारूची आई बोलत न्हाई. बोलली असती तर बरं.

भाद्रपद वद्य १

पोरीचं नाव धोंडी ठेवलं. पारूची आई म्हणते, असलं नाव असलं म्हणजे मरण घेऊन जात न्हाई. अंगठ्याएवढं मनगट. रडणं बारीक झालंय, त्याची जास्त भीती वाटते.

भाद्रपद वद्य ४

गिरजा वहिनीच्या दोन शेळ्या व्याल्या. एक परवा, एक काल. सगळ्या गावात ताज्या व्यालेल्या शेळ्या तेवढ्या दोनच.

ऐकून गोठा झाडायला लागलो. पारूची आई पोरीला घेऊन पुढं उभी राह्यली. पारू गेल्यापासून पहिल्यांदा नीट बोलली.

"जा."

म्हटलं, तू जा, बाई माणसाचं बाई माणसाला—

"मी गेले तर माझ्या तोंडाकडं बघून देतील. बोकड तुम्ही नेल्ता. तुम्ही जाऊन मागा."

गेलो. पाऊस लागून होता. वहिनी करडांखाली राख टाकत होत्या. चांद्या कोपऱ्यात बांधलेला, लठ्ठ झालाय, ओळखू येत न्हाई. मी वाटी हातात धरून दारात उभा. बसा म्हणाल्या न्हाईत.

मी म्हटलं, "वहिनी, पारूच्या पोरीला दूध पाहिजे."

त्यांनी हातातली राख टाकली, हात झटकले. "सात शेळ्या माझ्या. तुम्ही चांद्याला न्यायच्या आधी दोन फळल्या व्हत्या. पाच तशाच ऱ्हायल्या. आणखी आठ दिवस आधी नेलं असतं तर ह्या दोनबी नसत्या, भाऊजी. कुठं गेले असते मंग वाटी घेऊन?"

मी वाटी पुढं केली.

त्यांनी वाटी घेतली. एका शेळीखाली बसल्या. करडाला गुडघ्यानं मागं सारलं, ते ओरडून राह्यलं. अर्धी वाटी काढून दिली. म्हणाल्या, "पारूनं माझ्या चुलीवरची भाकर खाल्लीय लहानपणी. तिच्यासाठी देते. दूध दिलं म्हणून झालं-गेलं समजू नका."

पोरीनं फडका चोखला. सगळं पोटात राह्यलं.

भाद्रपद वद्य १०

सकाळ-संध्याकाळ जातो. आता वाटी दारात ठेवतो, वहिनी भरून देतात. बोलणं न्हाई. पोरीचे जुलाब थांबले. काल झोपेत तोंड हललं तिचं, हसल्यासारखं.

आश्विन शु. ३

पाऊस थांबत न्हाई. नको तेव्हा आला, आता जात न्हाई. वहिनीच्या तीन करडांतलं एक मेलं. खोकला, मंग जुलाब, मंग पाय ताणून. अगदी माझ्या वहीत लिहिलंय तसं. माझी वही खोटी नव्हती. खरी होती तरी कामाची न्हाई.

ते करडू पुरायला मीच गेलो. वहिनींनी नको म्हटलं न्हाई.

आश्विन शु. ९

व्यालेल्या दोघींतली एक गेली. चिखलात उभी राहून खूर सडले, खाणं सोडलं, पोट फुगलं. आता एक शेळी. तिचं एक करडू अन् मेलेलीचं एक, दोन्ही तिच्याच कासेला. अन् आमची धोंडी.

संध्याकाळी वाटी घेऊन गेलो तर वहिनी उंबऱ्यावर बसलेल्या. "भाऊजी, एका कासेवर तिघं न्हाई जगायचे."

मी म्हटलं, कळतं मला.

"मेलेलीचं करडू मी कालपासून बांधलंय. कण्या देते. जगलं तर जगलं." अन् मंग म्हणाल्या, "तुमचा काळ्या पाठवून द्या उद्यापासून. माझ्या पाच रिकाम्या हायेत, अजून हिरवं हाय तोवर लागतील. अन् त्याच्या पोटाला काही बांधू नका."

काळ्याला स्वतः नेऊन बांधला.

आश्विन वद्य २

कण्या दिलेलं करडू मेलं. वहिनींनी मला सांगितलं न्हाई. वाटी नेहमीपेक्षा भरलेली दिसली, तेव्हा विचारलं.

कार्तिक शु. १२

पाऊस गेला तो एकदम गेला. आठ दिवसांत बांध पिवळे. माझ्या गाभण सहांतल्या दोघींनी गाभ टाकला. एकीनं माळावर, एकीनं दावणीत. केस न आलेली करडं, मुठीएवढी. उन्हाळाभर उपाशी राह्यलेली जनावरं, दहा दिवसांच्या हिरव्यावर फळली, आता पुन्हा पोटाला न्हाई. धरून ठेवायला अंगात काही नकोच का.

चार राह्यल्या. त्यांना रोज तुरीचा पाला हातानं खाऊ घालतो. पारूची आई सरकी भिजवून ठेवते. पारूचे जे डोहाळे पुरवायचे राह्यले ते शेळ्यांचे पुरवून राह्यलीय असं वाटतं.

मार्गशीर्ष शु. ७

थंडी पडली. मोरीनंही टाकलं. तीन राह्यल्या.

वहिनीची शेळी आटत चालली. वाटी अर्धी होते. धोंडी तीन महिने ओलांडून गेली, मान धरते, माझ्या मिशीला हात घालते. अर्ध्या वाटीनं तिचं भागत न्हाई. उरलेलं पेजेवर.

मार्गशीर्ष वद्य १३

वहिनी स्वतः वाटी घेऊन घरी आल्या. तळाशी दोन घोट. "ह्येच. उद्यापासून न्हाई निघायचं."

पारूची आई म्हणाली, "बसा." बसल्या. दोघी चुलीपुढं बराच वेळ. मी बाहेर. आतून बोलणं ऐकू आलं न्हाई, नुसता बांगड्यांचा आवाज.

पौष शु. १०

तांबडी व्याली!! चार दिवस आधीच. दोन करडं, एक नर, एक पाट. चीक करडांना दिला. तिसऱ्या दिवसापासून धोंडीला. आजपर्यंत बारा दिवस पोर पेजेवर होती. बारा दिवस मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

पौष शु. १३

धोंडी दूध प्याली अन् ढेकर दिला. पारूची आई हसली. श्रावणापासून पहिल्यांदा. हसली अन् पदर तोंडाला लावून आत गेली.

पौष वद्य ४

कडाक्याची थंडी. सकाळी तुरीच्या पानांवर दहिवर गोठलेलं. तांबडीचं नर करडू अंग ताठ होऊन पडलेलं. भादव्यात ओल मारते, पौषात गारठा. मी ज्यांना करडांचे चांगले दिवस म्हणत होतो ते हेच.

उरलेल्या पाटीला आत चुलीजवळ आणली. धोंडी अन् ती एका गोधडीवर.

पौष वद्य ९

जावई आल्ते. नवा फेटा. दुसरं लग्न ठरलंय, माघात. मान खाली घालून सांगितलं. पोरगा वाईट न्हाई. धोंडीला मांडीवर घेतलं, तिच्याकडं बघून राह्यले, नाक पारूचं आहे.

पारूची आई म्हणाली, "न्यायची का?"

"इथंच बरी हाय ती. तिकडं कोण..." एवढंच बोलले. निघताना ओसरीवर थांबले, परत आत आले, पोरीच्या पायाला हात लावला, गेले.

माघ शु. ८

बाकीच्या दोघीही पौषातच व्याल्या होत्या, एकेक करडू. त्यातली काळ्या शिंगांची दूध बरं देते. धोंडीचं भागतं. वहिनीच्या पाचांतल्या तीन काळ्यापासून गाभण आहेत, फाल्गुनात व्यातील. त्यांनी सांगितलं न्हाई, मी पोटं पाहिली.

आता माळावर काही न्हाई. ओढा आटला. लिंबाचा, पिंपळाचा पाला तोडून आणतो. वर चढायचं, डहाळ्या खाली टाकायच्या.

माघ वद्य ६

चार दिवसांनी लिहितो. चावडीमागच्या लिंबावरून पडलो. फांदी वाळकी होती, हिरवी वाटली. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. म्हणतो दोन महिने टेकायचा न्हाई. दोन की किती, त्यालाही माहीत न्हाई, डोळ्यांवरून कळलं.

पाला आता पारूची आई आणते. वहिनी तिला विळा बांधलेली काठी देऊन गेल्या. खालूनच ओढायचा.

फाल्गुन शु. ९

वहिनीच्या तीन व्याल्या. चार करडं. सगळी जिवंत. पण शेळ्यांना दूध उतरत न्हाई. ऊन आत्ताच वैशाखासारखं. माझ्या तिघींचंही कमी होऊन राह्यलंय. एका वेळेला तिघींचं मिळून वाटी.

फाल्गुन वद्य ३

वहिनी आल्या, ओसरीवर बसल्या. आता बसतात. "धनगर निघालेत घाटाखाली. अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात. तिकडं नदीकाठी बाभळी हायेत, कापसाची रानं मोकळी झालीत. मी जाते सगळी घेऊन. इथं ठेवली तर चैत्रात एकबी उभी न्हाई ऱ्हायची."

मी म्हटलं, माझ्याही घेऊन जा. तशाही इथं मरतील.

पारूची आई दारात होती, धोंडी कडेवर. "शेळ्या गेल्या म्हंजे हिला काय द्यायचं?"

तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मंग मीबी जाते," म्हणाली.

फाल्गुन वद्य ४

दिवसभर भांडण. सात महिन्यांची पोर, तीही अशी काडीसारखी, उन्हात चाळीस-पन्नास कोस, घाट, इंग्रजी हद्द, परकी माणसं. मी सगळं म्हणालो. शेळी एक-दोन ठेवू, पाला विकत घेऊ, काही करू.

ती भाकरी थापत होती. थापायची थांबली न्हाई. "गेल्या चैत्रात तुम्ही ठरवलं. मी ऐकलं. आता मी ठरवते."

फाल्गुन वद्य ८

निघाल्या. वहिनी पुढं, मंग शेळ्या, माझ्या बावीस, त्यांच्या सहा, करडं गाढवावरच्या टोपल्यात. काळ्याही गेला. मागं पारूची आई. धोंडी पाठीशी बांधलेली, तोंड माझ्याकडं. कालपासून तिला थोडा खोकला आहे. पारूची आई म्हणाली, धुळीचा आहे.

वेशीपर्यंत काठीवर गेलो. वहिनी वळून म्हणाल्या, "भाऊजी, पाय टेकवू नका. बिलकुल."

धोंडी माझ्याकडं बघत होती, मंग शेळीच्या शेपटाकडं बघायला लागली.

चैत्र शु. १

गुढी सावित्रानं उभारून दिली. भाकर तीच आणून देते. गोठा झाडलेला आहे. जुन्या लेंड्यांचा वास तेवढा.

चैत्र शु. १२

धनगरांतला कोणी परत आला का म्हणून चावडीवर विचारलं. न्हाई.

चैत्र वद्य ५

पाय टेकवून पाहिला. घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधार आला. हाड वाकडं बसलंय.

सावित्राचं मूल आता धरून उभं राह्यतं. ती त्याला माझ्यापुढं आणत न्हाई. मीच म्हटलं आण. आणलं. त्यानं माझी काठी तोंडात घातली. धोंडीपेक्षा दुप्पट आहे अंगानं.

वैशाख शु. २

अजून काही न्हाई. ऐकतो की घाटाखाली जनावरांत रोग आहे. दुसरा म्हणतो रोग न्हाई, चारा भरपूर आहे. दोघंही तिकडं गेलेले न्हाईत.

वैशाख शु. ७

टेंभुर्णीच्या बाजाराहून एक बैलवाला गावात मुक्कामाला आला. खानदेशातून आलेला. सावित्राच्या नवऱ्यानं त्याला ओसरीवर आणून बसवलं. पाणी दिलं. विचारलं, दोन बाया, शेळ्यांचा कळप, काळ्या शेळ्या, बोकड मोठा, कानात भोक.

"दिसल्या की," म्हणाला. "वाघूर नदीच्या काठाला. आठ-दहा दिवस झाले. एक बाई पाणी पाजत व्हती, दुसरी झाडाखाली बसलेली."

मी विचारलं, "बसलेल्या बाईच्या मांडीवर पोर होती का?"

तो आठवायला लागला. खरोखर आठवून पाहत होता, खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. फेटा काढला, डोकं पुसलं.

"पोराचं न्हाई सांगता येत, दादा. मी जनावराचा माणूस. शेळ्याच पाह्यल्या." मला बरं वाटावं म्हणून की काय, पुन्हा बोलला. "शेळ्या मात्र झकास. अंगं भरलीत. कासा अशा तटतटलेल्या, जमिनीला लागायच्या तेवढ्या बाकी."

मी विचारलं, "तटतटलेल्या? म्हंजे कोणी पिळल्या नव्हत्या?"

"ते कसं सांगू," म्हणाला. "सकाळचा वखत व्हता. पिळायच्या असतील अजून."

पाणी पिऊन गेला.

सकाळचा वखत होता. पिळायच्या असतील अजून.

वैशाख शु. ८

सावित्राच्या नवऱ्याला गाडी जोडायला सांगितली. तो म्हणतो, ह्या पायानं घाटाचे धक्के सोसायचे न्हाईत, आणखी आठ दिवस थांबा, कोणीतरी येईलच खबर घेऊन. म्हटलं, तू जोड.